शल्याचें सारथ्य

कर्णाच्या रथावर शल्य बसला, ही गोष्ट लहानपणीं आजोबांच्या तोंडून ऐकली तेव्हां मला तिचें मोठें नवल वाटलें होतें. अश्वविद्येंत शल्य श्रीकृष्णाच्या तोडीचा. म्हणून तर दुर्योधनानें त्याची मनधरणी केली. रथ तो उत्तम हांकी. पण कर्णाला वाटेल तें बोलण्याची मोकळीक त्यानें आधींच मागून घेतलेली, आणि ओढा सारा पांडवांकडे. चांगला सारथि व आपला सारथि ह्या दोन वस्तु एक नव्हेत, हें व्यासांनीं किती शांतपणें सांगून ठेवलें आहे! ह्या गोष्टीची आठवण मला गेल्या मार्गशीर्षांत झाली. ती मात्र कोणाच्या पुराणामुळें नव्हे, तर घरांतील संगणकाच्या ग्राफिक्स कार्डामुळें.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकाच्या पेटींत बसविलेली एक लहानशी पाटी. पडद्यावर जें जें दिसतें, त्यांतील प्रत्येक ठिपका कोणत्या रंगाचा असावा ह्याचें गणित ती करते. आमच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके आहेत. म्हणजे वीस लक्षांहून अधिक, आणि ते सेकंदास साठ वेळां नव्यानें रंगवावे लागतात. संगणकाच्या मुख्य प्रोसेसराकडून हें काम होत नाहीं असें नाहीं, पण त्याची दमछाक होते. म्हणून हें निराळें कार्ड. परंतु कार्ड नुसतें बसवून भागत नाहीं. त्याची भाषा कंपनीगणिक निराळी, पिढीगणिक निराळी. ती भाषा जाणणारा, आणि संगणकाच्या मूळ प्रणालीशीं तिची गांठ घालून देणारा एक प्रोग्रॅम लागतो. इंग्रजींत त्यास ‘ड्रायव्हर’ म्हणतात. मी त्यास सारथि म्हणतों.

आमच्या घरीं हा प्रश्न करमणुकीचा नव्हता. थोरले बंधु अण्णा ह्यांना एक्याऐंशीवें वर्ष चालू आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज होत गेल्यामुळें त्यांस कडेचें दिसतें, पण ज्या अक्षरावर नजर रोखावी तेंच नेमकें नाहींसें होतें. छापील पुस्तक त्यांच्यापुरतें मिटलें त्याला सहा वर्षें होऊन गेलीं. पुढें पुतण्यानें पडद्यावरील अक्षर लिंबाएवढें मोठें करण्याची युक्ति दाखविली, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ते पुनः वाचूं लागले. भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची संहिता आतां संगणकावरहि वाचावयास मिळते. सकाळीं पूजा आटोपली कीं अण्णा तीन तास तेथेंच. त्या वेळीं मुलें ओसरीवर गलका करीत नाहींत. “त्या पेटीनें ह्यांचा स्वभाव निवळला,” असें वहिनी म्हणतात. मी त्यावर कांहीं बोलत नाहीं, पण म्हणणें खरें आहे.

विंडोज १० ह्या प्रणालीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. तिच्या पुढल्या आवृत्तीस नव्या पिढीचा प्रोसेसर आणि सुरक्षेची एक विशिष्ट चकती लागते. आमच्या बारा वर्षांच्या पेटींत दोन्ही नाहींत. पुण्याहून पुतण्याचा फोन आला कीं, पेटी भंगारांत द्या, नवी पाठवितों. मुलगा मनाचा मोठा आहे, त्याच्या हेतूविषयीं शंका नाहीं. पण अण्णा म्हणाले, “मुदत संपली म्हणून पेटी टाकावयाची, तर मला कोठें ठेवाल?” सगळे हंसले. वहिनी हंसल्या नाहींत.

तेव्हां जुन्या पेटीवर लिनक्स बसवावी असें ठरलें. लिनक्स ही युनिक्सच्या वळणाची प्रणाली. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहावयास घेतला. ती विकत घ्यावी लागत नाहीं, आणि जुन्या यंत्रांना ती हातीं धरून चालविते अशी तिची ख्याति आहे. सोनाळा हें सातपुड्याच्या अगदीं पायथ्याचें गांव. उत्तरेस अंबाबरव्याचें अरण्य आणि पलीकडे मध्यप्रदेश. असल्या कामाचा जाणकार पाहिजे तर बाहेरगांव गांठावें लागतें. तसा तो गांठला, पेटी एस. टी.नें नेली, चौथ्या दिवशीं परत आणली. यंत्र सुरू झालें, आणि अण्णांनीं पांच मिनिटांत उठून खुर्ची मागें सारली.

पडदा १९२० ठिपक्यांचा असतां प्रणाली त्यावर १०२४ ठिपक्यांचें चित्र ताणून बसवीत होती. अक्षरें फुगलेलीं, कडा विरघळलेल्या. ‘घ’ आणि ‘ध’ ह्यांत भेद तो काय, तर शिरोरेषेच्या एका तुकड्याचा आणि एका गांठीचा. ‘भ’ आणि ‘म’ ह्यांचेंहि तेंच. अनुस्वार म्हणजे तर बोलूनचालून एक ठिपका. रोमन लिपीचे लोक ह्याला अंधुकपणा म्हणून सोडून देतील. आमच्या लिपींत तो पाठभेद होतो. त्यांतून अण्णा ज्या भिंगावर विसंबून होते, तें पडद्यावरचें भिंग ओढून नेलें कीं दोन क्षणांनीं मागून येई. कारण उघड होतें. कार्ड निजलें होतें, आणि सारें चित्रकाम एकट्या प्रोसेसरावर पडलें होतें. ब्रायन पॉल ह्या गृहस्थानें १९९३ सालीं आरंभिलेली ‘मेसा’ नांवाची एक प्रोग्रॅमांची मालिका लिनक्सांत असते. तिच्यांत अशा प्रसंगीं कार्डाविनाच चित्र काढण्याची सोय आहे. आंधळ्याला काठी मिळावी तशी ती सोय. काठीनें मैलभर चालवतें. पण पानामागून पान वाचवत नाहीं.

बंद सारथ्याचें दुःख नवें नाहीं. सुमारें १९८० सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. ह्या विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेंत झेरॉक्सचें एक लेसर छपाईयंत्र आलें. त्यांत कागद अडके. रिचर्ड स्टॉलमन ह्या तरुणानें पूर्वीच्या यंत्राच्या प्रोग्रॅमांत अशी सोय करून ठेवली होती कीं, कागद अडकला तर वाट पाहणाऱ्यांस आपोआप निरोप जावा. नव्या यंत्राच्या प्रोग्रॅमाची संहिता मात्र कोणाजवळ नव्हती. ज्या एका विद्वानाजवळ ती होती, त्याच्याकडे स्टॉलमन गेला. पण ती कोणास न दाखविण्याचें वचन देऊन बसल्यामुळें त्या विद्वानानें नकार दिला. त्या नकाराचा सल स्टॉलमनच्या मनांत राहिला, आणि २७ सप्टेंबर १९८३ रोजीं त्यानें ‘ग्नू’ ह्या मुक्त प्रणालीची घोषणा केली. आज लिनक्स म्हणून जें आपण वापरतों त्यांतला पुष्कळ भाग ह्या ग्नूचा आहे. एका सारथ्याची संहिता मिळाली नाहीं म्हणून एवढें रामायण!

माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. परंतु ज्यानें सूत्र, वृत्ति आणि वार्तिक ह्या क्रमानें व्याकरण घोकलें आहे, त्याला युनिक्सचे आदेश फारसे परके वाटत नाहींत. तेंच लाघव, तोच काटेकोरपणा. एक अक्षर चुकलें कीं अर्थ बिघडला. घरांतली नववींतली नात मोबाईलवर शोधून वाची, मी तिच्याकडून अर्थ लावून घेईं, आणि प्रत्येक आदेश तारीखवार वहींत लिहून मगच यंत्रास देईं. वहीचा हा नियम माझा. तिला तो फार जुनाट वाटला. दुसऱ्या दिवसापासून पेन तिच्याच हातांत होतें.

पहिला आदेश ‘एलएसपीसीआय’. पेटींत कोणकोणतीं कार्डें आहेत आणि कोणाच्या रथावर कोणता सारथि आहे, हें तो सांगतो. आमच्या ग्राफिक्स कार्डाचें नांव त्यानें बरोबर सांगितलें. खालीं सारथ्याची ओळ असावयाची ती नव्हतीच. मग कळलें कीं, स्थापना करणारानें काम लवकर उरकावें म्हणून ‘नोमोडसेट’ हा शब्द आरंभींच्या आदेशांत घालून ठेवला होता. पडद्याचें मान तूं ठरवूं नकोस, असा त्याचा कर्नलला निरोप. अडचणीच्या वेळीं तो उपयोगी पडतो, पण काम झाल्यावर काढावयाचा असतो. चूल पेटल्यावर फुंकणी बाजूस ठेवतात तसा. शिवाय त्यानें कार्डाच्या कंपनीचा स्वतःचा सारथि बसवून पाहिलेला दिसला. तो बसला नव्हता. बसणार तरी कसा? त्या पिढीच्या कार्डांची निगा कंपनीनें सोडून दिलेली, आणि इकडे लिनक्सचें कर्नल दर दोन-अडीच महिन्यांनीं नवी आवृत्ति काढतें; आंतल्या जोडण्या बदलतात. कंपनीचा सारथि जुन्या लगामांवर शिकलेला, नवे लगाम त्याच्या हातांत बसेनात. पण जातां जातां तो एक चिठ्ठी मागें ठेवून गेला होता कीं, लिनक्सच्या स्वतःच्या मुक्त सारथ्यास रथावर चढूं देऊं नये. आपण हांकावयाचें नाहीं आणि दुसऱ्यास हांकूं द्यावयाचें नाहीं! ती चिठ्ठी ‘मॉडप्रोब’च्या दप्तरांत सांपडली. ती काढली. फुंकणीहि काढली. यंत्र पुनः सुरू केलें.

पडदा काळा झाला.

अण्णा मागें बसले होते. त्यांनीं विचारलें, “झालें का?” नात म्हणाली, “अजून नाहीं, आजोबा.” तिच्या आवाजांत घाबरल्याची खूण नव्हती, ह्याचें मला बरें वाटलें. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन हीं बटणें एकदम दाबलीं कीं चित्रावांचून केवळ अक्षरांची पाटी समोर येते. युनिक्सच्या जुन्या काळचा हा मागीलदारचा रस्ता अजून उघडा आहे. तेथें ‘डीमेसेज’ म्हटलें, तों कर्नलनें आरंभापासूनचा सारा जाबजबाब वाचून दाखविला. त्यांत एक ओळ तांबडी: अमुक नांवाची फर्मवेअरची फाईल मिळाली नाहीं. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्याच पोटांत भरावयाचें थोडें बाळकडू. तें कंपनीकडून आलेलें असतें आणि पुष्कळदां बंदच असतें. डेबियन नांवाची जी लिनक्स आम्हीं बसविली आहे, तिच्या भांडारांत मुक्त वस्तु एकीकडे आणि असल्या बंद वस्तु निराळ्या फळीवर ठेवतात. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअरला स्वतंत्र फळीच दिली आहे. आमच्या पेटींत त्या फळीवरचें तें गांठोडें आणलेलेंच नव्हतें. तें आणलें, बसविलें, पुनः एकवार यंत्र सुरू केलें. आणि अक्षरें उमटलीं. शिळेवर टांकीनें कोरावींत तशीं.

पूर्वीच्या लोकांस ह्याहून पुष्कळ सोसावें लागे. १९८४ सालीं एम. आय. टी.त जन्मलेली ‘एक्स’ ही चित्रप्रणाली १९९० नंतरच्या दशकांत घरोघरच्या यंत्रांवर आली, तेव्हां पडद्याची आडवी-उभी कंपनसंख्या हातानें लिहून द्यावी लागे, आणि ती भलतीच पडली तर पडदा जळण्याचें भय असे. २००९ पासून हें काम कर्नल स्वतः करूं लागलें. आतां पडदा आपण होऊन आपलें गोत्र-प्रवर सांगतो आणि कर्नल तें ऐकून घेतें.

ह्या सगळ्या खटपटींत एक शब्द वाचून मी चमकलों. बंद संहितेचा सारथि एकदां रथावर चढला कीं लिनक्सचें कर्नल आपल्या नोंदींत ‘टेंटेड’ असा शेरा मारून ठेवतें. टेंटेड म्हणजे विटाळलेलें! आणि तो शेरा यंत्र पुनः सुरू करीपर्यंत जात नाहीं. नातीला मी हें सांगितलें तेव्हां ती म्हणाली, “म्हणजे त्यांच्याकडेहि सोंवळें आहे?” प्रश्न मार्मिक होता. मीं उत्तर दिलें तें असें: त्यांच्या सोंवळ्याला कारण आहे. ज्या प्रोग्रॅमाची संहिता कोणास वाचतां येत नाहीं, त्यांतला दोष कोणास काढतांहि येत नाहीं. म्हणून असें यंत्र बिघडल्याची तक्रार आली तर कर्नलचे कारागीर प्रथम तो शेरा पाहतात. विटाळ वस्तूच्या झांकलेपणाचा आहे, आणणाऱ्या माणसाच्या जन्माचा नाहीं. फिनलंड, ब्राझील, पुणें, कोठूनहि दुरुस्ती येवो. ती उघडी असली आणि बरोबर असली कीं घेतात. आपल्या स्वयंपाकघरांतल्या सोंवळ्यास असें कारण दाखवितां येईल काय, ह्याचा विचार मी अजून करीत आहें. मला तें सांपडलेलें नाहीं.

आमचे एक चुलत आजोबा काविळीवर पुडी देत. दूरदूरचीं माणसें बैलगाड्या करून येत. पैसा ते घेत नसत. पण पुडींत काय आहे तें त्यांनीं कोणास सांगितलें नाहीं. सांगितलें तर गुण जातो, अशी समजूत. ते गेले आणि पुडीहि गेली. त्या औषधांत खरेंच कांहीं होतें, कीं कावीळ आपोआपच उतरत होती, हेंहि आतां कोणास तपासतां यावयाचें नाहीं. फुकट आणि मुक्त ह्या दोन शब्दांत किती अंतर आहे तें मला ह्या पुडीवरून कळतें. कंपनीचा सारथिहि फुकटच होता. आणि आपल्या घरांनीं तर काविळीच्या पुडीहून मोठ्या वस्तु झांकून ठेवल्या. गीतेचा अर्थ मराठी माणसास मराठींत कळावयास शके १२१२ उजाडावें लागलें, आणि तो ज्यानें सांगितला त्याला ब्राह्मणांनींच वाळींत टाकलें होतें. ज्या घरांतून हें मासिक वाचलें जातें त्यांस मी हें मुद्दाम सांगत आहें. इतरांस तें ठाऊकच आहे.

तथापि एक बाजू न्यायानें सांगितली पाहिजे. कार्ड बनविण्यांत अपार द्रव्य आणि बुद्धि खर्ची पडते; प्रतिस्पर्धी टपलेले असतात; कांहीं संहिता तर कंपनीनेंहि दुसऱ्यापासून अटींवर घेतलेली असते. सर्व काहीं उघडें टाका म्हणणें सोपें आहे. शिवाय कंपन्याहि बदलतात. एएमडीनें २००७ सालीं आपल्या कार्डांचीं वर्णनें प्रसिद्ध करण्याचें जाहीर केलें. एनव्हीडिया पुष्कळ वर्षें दूर राहिली. तिच्या कार्डांसाठीं स्वयंसेवकांनीं बाहेरून निरीक्षण करकरून ‘नूव्हो’ नांवाचा सारथि घडविला. २०१२ सालीं फिनलंडांतील एका विद्यापीठांत टोरवाल्ड्सनें त्या कंपनीस उद्देशून जे शब्द व जी बोटाची खूण केली, ती येथें लिहितां येण्यासारखी नाहीं. त्याच कंपनीनें मे २०२२ मध्यें आपल्या नव्या कार्डांच्या सारथ्याचा कर्नलांतील भाग उघडा केला. तिचें एक मोठें कार्यस्थान पुण्यांत आहे, आणि आपलीं मुलें तेथें कामास आहेत. आमच्या पेटींतलें कार्ड कोणाचें तें मी सांगत नाहीं. एकीचें नांव घेऊन दुसरीस निर्दोष ठरविण्याची मला हौस नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, जोंवर वस्तूची निगा राखतां तोंवर गुपित ठेवा; पण ज्या दिवशीं निगा सोडाल त्या दिवशीं वही उघडी करून द्या. पुडी बरोबर घेऊन जाऊं नका.

कार्डाचा विषय निघालाच आहे तर एक आठवण आपल्याकडचीहि आहे. एके काळीं संगणकास देवनागरी येत नसे. ती त्याला कार्डानेंच शिकवावी लागे. आय. आय. टी. कानपूरला ह्या कामाचा पाया घातला गेला, आणि मोहन तांबे प्रभृतींनीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत तें पुढें नेलें. तिची स्थापना १९८८ ची, आणि तिचे पहिले धुरीण विजय भटकर हे आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यांतले. ‘जिस्ट’ नांवाचें तें कार्ड पेटींत बसविलें कीं इंग्रजी प्रोग्रॅमांतूनहि भारतीय लिप्या पडद्यावर दिसूं लागत. आज त्या कार्डाची गरज उरली नाहीं. अक्षरांचें सारें शास्त्र फाँटांत आणि प्रणालींत आलें आहे. रेड हॅट कंपनीनें २००४ मध्यें भारतीय लिप्यांचे जे मुक्त फाँट दिले त्यांस ‘लोहित’ असें नांव आहे. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीची टोपीहि तांबडीच. नांव ठेवणारास संस्कृत येत असलें पाहिजे.

पण अक्षर स्पष्ट दिसूं लागलें तों अण्णांची तक्रार सुरू झाली. “हा ‘ल’ हिंदी वळणाचा आहे, आणि ‘श’ सुद्धां.” वनपर्व चालू होतें, पर्वत येतील तेथें ‘शैल’ शब्द येणारच, आणि प्रत्येक वेळीं ते थांबत. कांहीं फाँटांच्या पोटांत मराठी वळणाचीं रूपें निराळीं ठेवलेलीं असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असें प्रणालीस कळलें तर तीं बाहेर येतात. घरांतल्या प्रणालीची भाषा आम्हीं मराठी केली. तरीहि ‘ल’ हलेना. नातीनें शोध लावला कीं, संहितेच्या पानावर भाषा म्हणून संस्कृत असें नोंदलेलें आहे, आणि संस्कृतास हिंदी वळण द्यावें असा त्या फाँटाचा समज आहे. अखेर ज्याचें मूळ वळणच मराठी आहे असा दुसरा फाँट बसविला. आतां ‘ल’ आणि ‘श’ दोन्ही अण्णांच्या मनासारखे झाले आहेत. ‘झ’ विषयीं बोलणें चालू आहे.